काकूंची तापवही

काकूंना स्वतःचं नाव होतं, पण ते फक्त गळ्यातल्या ओळखपत्रावर. बाकी सगळीकडे त्या काकू. समुद्रापलीकडच्या ऑफिसातल्या लोकांना तर तेच त्यांचं नाव वाटायचं आणि ते ईमेलची सुरुवात 'प्रिय मिस काकू' अशी करायचे. काकूंनी ती चूक कधी सुधारली नाही. म्हणायच्या, "मिस म्हणतायत तर म्हणू देत की. या वयात आणखी कोण म्हणणार आहे मला?"

आमची कंपनी दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवते. पेशंटचं रक्त काढलं की नळीवर चिठ्ठी लागते, नळी प्रयोगशाळेत जाते, रिपोर्ट तयार होतो आणि तो बरोबर त्याच पेशंटच्या नावावर येऊन पडतो. हे सगळं आमचं काम. ते करणारे आम्ही एकशे चाळीस जण चार ठिकाणी विखुरलेले. आमचं ऑफिस औषधांच्या गोदामाच्या वरच्या मजल्यावर, दुसरं एका डोंगराळ गावात, तिसरं समुद्रापलीकडे. आणि चौथं म्हणजे घरी बसून काम करणारी माणसं, त्यांना आम्ही नुसतंच 'चौथं ऑफिस' म्हणायचो. निम्म्यांनी उरलेल्या निम्म्यांचं तोंडही पाहिलेलं नव्हतं. एकाने लिहायचं, दुसऱ्याने बदलायचं, तिसऱ्याने त्याला ठिगळ लावून नोकरी सोडायची, आणि बिघडलं की चौथ्याने डोकं धरून विचारायचं, अरे, हे कुणाला कळतं का? मग कुणीतरी म्हणायचं, काकूंना फोन लाव.

गंमत अशी की काकूंना कोडची एक ओळही लिहिता यायची नाही. त्या आल्या होत्या माहितीपुस्तिका लिहायला. दवाखान्यातल्या नर्सला कुठलं बटण कधी दाबायचं हे साध्या भाषेत सांगणारी जाडजूड पुस्तिका, जी कुठलीही नर्स उघडत नाही. पण ती लिहायची म्हणून काकूंना प्रत्येकाला विचारावं लागायचं, हे असं का, ते तसं का. आम्ही मंडळी लिहिण्यात वाघ, सांगण्यात मुखदुर्बळ. काकू आमच्याकडून काढून घ्यायच्या. चार-पाच वर्षांत त्यांना कोड नाही, पण कोडमागची माणसं तोंडपाठ झाली.

त्यांची पद्धत साधी होती. दर बुधवारी सकाळी त्या फोन घेऊन बसायच्या आणि पंधरा-वीस जणांना फोन करायच्या. आळीपाळीने, म्हणजे दीड-दोन महिन्यांत प्रत्येकाची पाळी यायची. घरच्यांची चौकशी करायच्या आणि मग एकच प्रश्न विचारायच्या, "सध्या डोक्याला काय ताप आहे?" मिस काकू काय विचारतायत हे समुद्रापलीकडच्यांनाही सवयीने कळायला लागलं होतं. माणूस ताप सांगताना खोटं बोलत नाही, उलट जरा रंगवूनच सांगतो. काकू ते एका लांबट वहीत उतरवून घ्यायच्या. वहीवर त्यांच्या नवऱ्याने मार्करने लिहिलं होतं, 'तापवही'. प्रत्येकाचं एक पान.

एकदा मी शहाणपणा केला. म्हटलं, "काकू, एवढा खटाटोप कशाला? कुठली ओळ कुणी लिहिली ते कॉम्प्युटर सांगतोच की." तर म्हणाल्या, "लिहिलं त्याला कळतंच असं कुठे आहे? लिहून हात झटकून मोकळे होणारे काय कमी आहेत? ज्याचे त्याच्यापायी तीन दिवस हाल झाले ना, त्याला कळतं. मी तो माणूस शोधते."

आता माझ्याबद्दल सांगायला हवं, कारण या गोष्टीतला खलनायक मी आहे. उगाच मोठेपणा घेत नाही. खलनायकालाही काहीतरी कर्तबगारी लागते, तीही माझ्याकडे नव्हती.

मला टापटीप म्हणतात. हे नाव काकूंनी ठेवलं. आठ वर्षांपूर्वी, नोकरीला लागून मला वर्षही झालं नव्हतं तेव्हा, आमच्या कोडची मांडणी पाहून माझ्या अंगावर काटा यायचा. कुणी ओळ डावीकडून दोन घरं सोडून सुरू करायचा, कुणी चार, कुणी आठ. तर मी एका दुपारी जेवता जेवता एक तयार प्रोग्राम सगळ्या फायलींवरून फिरवला. अकराशे फायली, चार मिनिटं. माझा डबा संपायच्या आत सगळ्या ओळी कवायतीला उभ्या राहिल्यासारख्या सरळ झाल्या. कामात काडीचा फरक नाही, नुसती मांडणी. सगळ्यांनी पाठ थोपटली.

काकू मात्र खूश झाल्या नाहीत. त्यांनी दोन-चार फायली उघडून पाहिल्या आणि मला बोलावलं. "अरे टापटीप, प्रत्येक ओळीला शेवटचा हात कुणाचा लागला तेच कॉम्प्युटर दाखवतो ना? म्हणजे आता जिथेतिथे तुझं नाव. उद्या कुणी विचारलं की तुझं उत्तर काय?"

"खाली जुनी नावं आहेतच की काकू. खणलं की सापडतात."

"खणायला कोण जातंय?" त्या म्हणाल्या. मग मलाच दम भरला की पुढच्या वेळी आधी विचारायचं. मी हो म्हटलं आणि विसरलो.

काकू चौथ्या ऑफिसात गेल्या त्या नंतर, नवरा पडल्यावर. वायरमनकाका, म्हणजे त्यांचे यजमान, खरोखरच वायरमन होते. एका शाळेच्या जिन्यात दिवा बसवताना शिडी सरकली आणि पाठीचा कणा मोडला. कमरेखाली काही उरलं नाही. त्यांना दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. कंपनीने काकूंना घरून काम करायची मुभा दिली आणि काकूंनी जेवणाचं टेबल नवऱ्याच्या पलंगाला लावून घेतलं. एका हाताला लॅपटॉप, दुसऱ्या हाताला नवरा. फोनवर बोलताना मध्येच म्हणायच्या, "जरा थांब हं, यांना वळवते." आम्हाला त्याची इतकी सवय झाली की आम्ही घड्याळ न बघता सांगायचो, अकरा वाजले, काकांची कूस.

या नोकरीवाचून काकूंचं चाललं नसतं असं मी म्हणतो तेव्हा हे सगळं आलं. एकावन्न वर्षांची बाई, कोड लिहिता येत नाही, दर दोन तासांनी पाच मिनिटं उठणार, घराबाहेर पडू शकत नाही. दुसरं कोण ठेवणार होतं त्यांना? आणि पुढे मी जे केलं ते करताना हे मला माहीत नव्हतं असं नाही. पूर्ण माहीत होतं.

गेल्या वर्षी नवीन मॅनेजर आला. माणूस वाईट नाही, पण जे आकड्यात येत नाही ते त्याला दिसत नाही. एकशे चाळीस माणसं चार ठिकाणी आणि कोण काय जाणतो याचा हिशोब एका बाईच्या वहीत, हे ऐकून तो बिचारा खरंच घाबरला. "उद्या त्या बसखाली आल्या तर?" असं त्याने भर मीटिंगमध्ये विचारलं. काकू स्क्रीनवर होत्याच. त्या म्हणाल्या, "मी घराबाहेरच पडत नाही, बसला वर यावं लागेल." सगळे हसले. मॅनेजर हसला नाही, त्याने ते लिहून घेतलं.

महिन्याभरात त्याने 'शोधक' आणला. हा एक प्रोग्राम. सगळं कोड वाचायचा, प्रत्येक ओळीवरचं नाव मोजायचा आणि कुठल्या भागाचा जाणकार कोण ते शंभरपैकी गुण देऊन सांगायचा. चारही ऑफिसांना एकाच वेळी यादी आली. मी माझं नाव शोधायला खालून सुरुवात केली, सवयीप्रमाणे. खाली नव्हतं. मध्येही नव्हतं. मी पहिला होतो. रक्ततपासणीत पहिला, पेशंटच्या नोंदीत पहिला, बाळंतपणाच्या वॉर्डात पहिला. ज्या भागाचं मी तोंडही पाहिलं नव्हतं तिथे मला ब्याऐंशी गुण. मला खरं काय येतं सांगू? रिपोर्टची छपाई. कागदाच्या कडा, शिक्क्याची जागा, एवढंच. त्यात मात्र मी तिसरा होतो, कारण तिथे माझ्यानंतर दोघांनी हात लावला होता.

काकूंना शून्य गुण होते.

मला आधी हसूच आलं. घरी जाऊन बायकोला सांगितलं तर तिलाही आलं. मग ती म्हणाली, "पण तू सांगणार आहेस ना त्यांना?" मी म्हटलं, "अर्थात." अर्थात हा शब्द मी तेव्हापासून वापरत नाही.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं. वरून माणसं कमी करायला सांगितलंय, तीस टक्के, असं म्हणाला. टेबलावर शोधकाची यादी होती आणि तिच्यावर मध्याच्या बरंच खाली पट्टी ठेवून आडवी लाल रेघ मारलेली. मी रेघेच्या इतका वर होतो की तिथून ती दिसतही नव्हती. छपाईवाला टापटीप म्हणून मोजलं असतं तर मी रेघेच्या खाली गेलो असतो. मी तेवढ्यात मनात मोजलं.

"तू तर सगळ्यात जाणकार," मॅनेजर म्हणाला. "तूच सांग. यादी बरोबर आहे ना? काही मोठी चूक?"

चार मिनिटांच्या प्रोग्रामची गोष्ट सांगायला एक मिनिट पुरलं असतं. माझ्या तोंडापर्यंत आलीही होती. पण डोळ्यांसमोर घर आलं, हप्ते आले, या वयात पुन्हा मुलाखती देत फिरणं आलं. मी म्हणालो, "बऱ्यापैकी बरोबर आहे, सर."

"आणि काकू? त्यांचं काम आता शोधकच करेल, नाही का?"

मी खाली बघून म्हणालो, "करेल बहुतेक."

बेचाळीस माणसं गेली. काकूंनी नोकरी गेल्याच्या ईमेलला उत्तर पाठवलं की तापवही कुणाकडे द्यायची. मॅनेजरने कळवलं की त्याची गरज नाही, फक्त लॅपटॉप परत करा. आणि लॅपटॉप आणायला त्याने मला पाठवलं, कारण माझं घर त्या बाजूला. नाही म्हणायला मला काही कारण सुचलं नाही.

त्यांच्या घरी मी पूर्वी बऱ्याचदा गेलो होतो. दार उघडंच असायचं, काकांना माणसांचा आवाज लागतो म्हणून. खोली तशीच. टेबल पलंगाला टेकलेलं. छताच्या हुकापासून काकांच्या हातापर्यंत एक दोरी, तिला धरून ते स्वतःला अर्धवट वर उचलतात. पलंगाच्या कडेला त्यांनी पडल्या पडल्या बसवलेली बटणांची पाटी, पंखा, दिवा, घंटी, सगळं हाताशी. लॅपटॉप पुसून त्याच्या पिशवीत भरून ठेवलेला, वायरची नीट गुंडाळी केलेली, गुंडाळीला रबर.

"ये, टापटीप," काका म्हणाले. "तुझ्या काकूंना कंपनीने रजा दिलीय. आता दिवसभर माझ्याच मागे लागणार. मला कुठे पळूनही जाता येत नाही."

काकूंनी चहा केला. कंपनीबद्दल एक अक्षर नाही. बायकोची चौकशी केली, माझ्या आईच्या गुडघ्याची केली. मग समोरच्या खुर्चीत बसल्या. तो बुधवार नव्हता, पण त्यांनी माझ्याकडे सरळ बघून विचारलं, "सध्या डोक्याला काय ताप आहे?"

मी कप तोंडाला लावला. चहा संपला होता तरी लावून ठेवला. "काही नाही, काकू," मी म्हणालो. "सगळं ठीक चाललंय."

"बरं," त्या म्हणाल्या. घड्याळाकडे बघून उठल्या, काकांची कूस बदलायला. मी जरा हात लावतो म्हटलं. म्हणाल्या, "नको, सवय आहे मला."

मी पिशवी खांद्याला लावून जिना उतरलो आणि खाली आल्यावर मला चक्क सुटल्यासारखं वाटलं. त्यांना काही कळलेलं नाही, असं मी स्वतःला समजावलं. मी मूर्ख आहे हे मी आधी सांगायला हवं होतं.

यानंतर तीन महिने बरे गेले. कुणी विचारत आलं की मी 'बघून सांगतो' म्हणायचो, आणि ते माणूस कंटाळून स्वतःच शोधायचं. मग एका सोमवारी सकाळी दहा वाजता चारही ऑफिसांचे फोन एकदम वाजायला लागले. एका मोठ्या दवाखान्यात, बाळंतपणाच्या वॉर्डात, दोन नवजात बाळांच्या काविळीचे रिपोर्ट एकमेकांत बदलले होते. जे बाळ चांगलं होतं त्याला काचेच्या पेटीत दिव्याखाली ठेवलं होतं आणि पिवळं बाळ आईच्या कुशीत होतं. एका जुन्या नर्सने रिपोर्टवर विश्वास न ठेवता बाळाच्या डोळ्यांवर विश्वास ठेवला म्हणून निभावलं. दवाखान्याने आमचं सॉफ्टवेअर बंद करून कागद-पेन काढलं. आमचं सॉफ्टवेअर वापरणारे असे साठ दवाखाने होते आणि बाळं काय कुणाची वाट बघत थांबतात?

मॅनेजरने शोधकाला विचारलं. बाळंतपणाचा वॉर्ड, जाणकार कोण? उत्तर एका क्षणात आलं. मी, ब्याऐंशी गुण.

मला मोठ्या खोलीत बसवलं. माझी स्क्रीन भिंतीवर, आणि चार ठिकाणची साठ-सत्तर माणसं ती बघतायत. मी फाइल उघडायचो, वर जायचो, खाली यायचो. ओळी सुरेख होत्या, सगळ्या चार घरं सोडून सुरू होणाऱ्या. अर्थ एकीचाही लागत नव्हता. अकरा वाजले. लोकांना वाटत होतं मी विचार करतोय. साडेअकराला मॅनेजर हळूच म्हणाला, "घाई नाही, पण दवाखान्यातून दर दहा मिनिटांनी फोन येतोय." मी पाणी पिऊन येतो म्हणून उठलो, जिन्यात गेलो आणि काकूंना फोन लावला.

त्यांनी उचलला. मी नमस्कारही न करता सगळं ओकून टाकलं.

"बाळं जुळी होती का?" त्यांनी विचारलं.

"नाही. वेगवेगळ्या आयांची."

"नावं ठेवली होती का?"

"एका दिवसाच्या बाळाला कसलं नाव, काकू?"

"तेच तर. बिननावाची बाळं हा दाढीवाल्याचा ताप. नऊ वर्षांपूर्वीचा, तीन आठवडे झोपला नव्हता तो." पानं उलटल्याचा आवाज आला. "समुद्रापलीकडचा, उंच दाढीवाला. तुमच्या यादीपायी तोही गेला. त्याचा घरचा नंबर देते, घे. आत्ता तिथे सकाळ असेल. आणि हे बघ, लगेच कामाचं बोलू नकोस. त्याच्या मुलीच्या कानाचं ऑपरेशन होतं, ते कसं झालं विचार आधी. नाहीतर तो तोंड उघडायचा नाही."

मी नंबर लिहून घेतला. मला काहीतरी बोलायचं होतं, पण त्याच म्हणाल्या, "पळ. बाळं आहेत ती."

दाढीवाल्याने माझा आवाज ऐकून आधी फोन ठेवायचाच बेत केला होता. मी मुलीच्या कानाचं विचारलं. तो थांबला. मग म्हणाला, "मिस काकूंनी सांगितलं ना तुला?" मुलीला ऐकू येतंय म्हणाला. आणि पुढच्या बारा मिनिटांत त्याने मला सगळं सांगितलं. बाळाला नाव नसलं की आमचं सॉफ्टवेअर आईचं नाव आणि जन्माची वेळ धरतं. वेळेतले सेकंद त्याने मुद्दाम ठेवले होते. मध्यंतरी कुणीतरी स्क्रीनवर गर्दी दिसते म्हणून सेकंद काढून टाकले. एकाच मिनिटात, एकाच नावाच्या दोन आयांना बाळं झाली की संपलं. कुठल्या फायलीत, कुठल्या ओळीखाली, सगळं त्याला न बघता पाठ होतं.

दुपारी दोनला दुरुस्ती तयार झाली. टाइप मी केली, त्यामुळे तिच्यावर नाव माझं. तीन वाजता सगळ्या दवाखान्यांत ती चढली, चारला त्या नर्सने स्वतः दोन खोटी बाळं भरून खात्री करून घेतली. आणि सव्वाचारला शोधकाने हिशोब ताजा केला, तर बाळंतपणाच्या वॉर्डात माझे ब्याऐंशीचे त्र्याऐंशी झाले.

मॅनेजरने चारही ऑफिसांसमोर माझी पाठ थोपटली. "शोधकाने बरोबर माणूस शोधला," तो म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. डोंगरावरच्या ऑफिसातल्या एका मुलीने तर उभं राहून वाजवल्या. ते मला सहन झालं नाही. मला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती.

मी उभा राहिलो आणि सांगितलं. डबा, चार मिनिटं, अकराशे फायली, सगळं. म्हणालो, "त्या ओळी माझ्या नाहीत. आजची दुरुस्तीही माझी नाही. तुम्ही काढलेल्या माणसाने ती सांगितली आणि तुम्ही काढलेल्या बाईने तो माणूस सांगितला. यादी चुकीची आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. सरांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोललो." टाळ्या कधीच्या थांबल्या होत्या. स्क्रीनवरची तोंडं एक एक करून काळी व्हायला लागली, लोक आपापले कॅमेरे बंद करत होते.

मॅनेजरने मला केबिनमध्ये नेलं. मला वाटलं, आता मला काढेल. तेही केलं नाही त्याने. पेन फिरवत बसला. मग म्हणाला, "हे तू तीन महिन्यांपूर्वी सांगायला हवं होतंस."

"हो सर. पण आता त्यांना परत बोलवा."

"कुठे बोलवू? ती जागाच नाही आता. वर लिहून दिलंय मी की त्या कामाला माणूस लागत नाही, सहीनिशी. आज पुन्हा लागतो म्हणून लिहू?" त्याने माझ्याकडे बघितलं, रागाने नाही, थकून. "बघतो," म्हणाला. त्या 'बघतो'ला आता चार महिने झाले.

त्या संध्याकाळी मी थेट काकूंकडे गेलो. दार उघडं. टेबल जागेवर, त्यावर दुसराच काळा फोन आणि कानाला लावायचं यंत्र. काकू कुणाला तरी सांगत होत्या, "हो साहेब, सिलिंडर उद्या येईल, हो, मी नोंद केलीय." गॅसच्या तक्रारी ऐकायचं काम धरलं होतं त्यांनी. समोरचा माणूस ओरडत होता, ते मला दारापर्यंत ऐकू येत होतं. काका छताकडे बघत पडून होते. मला बघून त्यांनी नेहमीसारखी थट्टा केली नाही. नुसती मान हलवली.

काकूंनी फोन ठेवला. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. यादी, केबिन, लाल रेघ, 'बऱ्यापैकी बरोबर आहे', 'करेल बहुतेक'. आजची मीटिंगही सांगितली, पण ती सांगताना माझं मलाच जाणवलं की मी शाबासकी मागतोय, आणि ती मी अर्ध्यातच सोडली.

"बाळं कशी आहेत?" काकूंनी विचारलं.

"दोन्ही बरी आहेत."

"बरं झालं." त्या उठल्या. मला वाटलं, घड्याळ बघून काकांना वळवतील. पण त्या फळीवरून तापवही काढून घेऊन आल्या. "मी तुला क्षमा वगैरे करणार नाही हं," त्या म्हणाल्या. "राग आहे मला. फोन घेतला तो बाळांसाठी. हे बघ, यादी आली त्या दिवशी पाच मिनिटांत कळलं होतं मला. त्या डब्याच्या दिवशी तुला ओरडले होते ना मी?"

"मग तुम्हीच का नाही सांगितलंत सरांना?"

"ज्या बाईला शून्य गुण, तिचं कोण ऐकतंय? ऐकलं असतं तर तुझं. म्हणून थांबले. मला वाटलं, तू सांगशील."

त्यांनी माझं पान उघडून वही माझ्यासमोर टेबलावर ठेवली. आठ वर्षांच्या नोंदी, काकूंच्या बारीक अक्षरात. कागदाच्या कडा. शिक्का खाली सरकतो. आईचा गुडघा. घराचे हप्ते. पानाच्या तळाशी शेवटची नोंद, मी लॅपटॉप न्यायला आलो त्या दिवसाची तारीख. पुढे लिहिलं होतं, 'ताप: मी.' हा 'मी' म्हणजे काकू. त्याच्या खाली, 'विचारलं. सांगितलं नाही.'

मी वाचत होतो तेवढ्यात काळा फोन वाजला. काकूंनी कानाला यंत्र लावलं आणि म्हणाल्या, "नमस्कार, तुमची काय तक्रार आहे?" मग त्यांनी घड्याळ पाहिलं, सात वाजले होते, आणि फोनवरच्या माणसाला थांबा म्हणता येत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे न बघता काकांकडे बोट दाखवलं. मी पलंगाशी गेलो. काकांनी दोरी धरली, मी त्यांच्या पाठीखाली हात घातला, आणि मला ते कसं करायचं हे अजिबात येत नव्हतं.